रोज खिशात राहणारी विजेरी कशी निवडावी

विजेरी घ्यायला निघालेल्या माणसाची नजर खोक्यावरच्या सर्वांत ठळक आकड्यावर जाते आणि तो आकडा जवळजवळ नेहमी लुमेनचा, म्हणजे बाहेर पडणाऱ्या एकूण उजेडाचा असतो. मी स्वतः घेतलेल्या पहिल्या तीन विजेऱ्या याच आकड्यावरून निवडल्या होत्या. तिन्ही प्रखर होत्या. पण एक इतकी जाड होती की आठवड्याभरात ती खिशातून निघून कपाटात गेली, दुसरी खिशात आपोआप लागून तापत असे, आणि तिसरीचा सर्वांत मंद उजेडही रात्री जवळून वाचताना डोळ्यांना सोसवत नसे. एका रात्री अचानक दिवे गेले आणि खरोखर उजेड लागला, तेव्हा तिघींपैकी एकही माझ्याजवळ नव्हती.

त्यानंतर मी निवडीचा क्रम पूर्ण उलटा केला. विजेरी अंगावर कुठे राहणार, तिला कोणता सेल लागणार, तिचे बटण अंधारात चाचपून सापडते का, तिचा सर्वांत मंद उजेड किती मंद आहे आणि मधल्या पातळीवर ती किती वेळ एकसारखी चालते, हे प्रश्न आधी विचारायचे. कमाल लुमेनचा प्रश्न सर्वांत शेवटी. पुढे हाच क्रम पायरीपायरीने मांडला आहे. विजेरी म्हणजे येथे मुठीत मावणारा एलईडी टॉर्च, आणि सेल म्हणजे त्यात बसणारी बॅटरी असे समजावे, कारण बोलताना पुष्कळ लोक अख्ख्या टॉर्चलाच बॅटरी म्हणतात आणि त्यामुळे पुढच्या विवेचनात घोटाळा होईल.

फोनमध्ये दिवा असताना वेगळी विजेरी कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. किल्ली शोधण्यापुरता फोनचा दिवा पुरतो. परंतु त्याचा उजेड चहूकडे पसरतो आणि काही पावलांपलीकडे पोहोचत नाही. पावसात किंवा ओल्या हातांनी तो वापरणे धोक्याचे असते. आणि अडचणीच्या प्रसंगी ज्या फोनवरून मदत मागायची, त्याच फोनचा चार्ज तो संपवत असतो. उजेड आणि संपर्क ही दोन साधने वेगळी असावीत, एवढे एक कारणसुद्धा मला पुरेसे वाटते.

पहिली पायरी : आपल्याला उजेड कशासाठी लागतो याची नोंद

खरेदीपूर्वी एक आठवडा साधी नोंद ठेवावी. उजेड कधी लागला, पाहायची वस्तू किती अंतरावर होती, हात मोकळे होते की गुंतलेले, आणि जवळ कोणी झोपलेले होते का, एवढ्या चार गोष्टी लिहिल्या तरी चालतील. ही नोंद ठेवणाऱ्या बहुतेकांच्या लक्षात येते की त्यांची कामे हाताच्या अंतरापासून खोलीच्या रुंदीपर्यंतचीच असतात : पलंगाखाली गेलेली वस्तू, कपाटामागचा प्लग, पिशवीचा तळ, जिन्याच्या पायऱ्या, औषधाच्या वेष्टनावरचा बारीक मजकूर. दोनशे मीटरवरचे झाड उजळवण्याची गरज महिन्यातून एकदाही पडत नाही. ज्यांना ती पडते, उदाहरणार्थ रात्री मोकळ्या रानात फिरणाऱ्यांना किंवा पहारा देणाऱ्यांना, त्यांची निवड वेगळी असेल आणि ती त्यांच्या नोंदीतूनच स्पष्ट होईल.

येथे डोळ्यांचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि प्रखर झोत एकदा डोळ्यांवर आला की तो सराव क्षणात मोडतो. सरावलेल्या डोळ्यांना एक लुमेनपेक्षाही कमी उजेडात खोलीतली वाट दिसते. दुसरी गोष्ट अशी की लुमेन दुप्पट झाले म्हणून उजेड दुप्पट भासत नाही. तो दुप्पट भासावा यासाठी साधारण चौपट लुमेन लागतात. म्हणून पाचशे लुमेनची विजेरी आणि सहाशे लुमेनची विजेरी शेजारीशेजारी लावली तरी फरक सांगता येणे कठीण असते, आणि केवळ त्या शंभर लुमेनसाठी आकार किंवा टिकण्याचा वेळ यांत तडजोड करणे व्यर्थ ठरते.

अंदाजासाठी माझे स्वतःचे आकडे देतो. झोपलेल्या माणसांच्या खोलीत वावरायला अर्धा ते दोन लुमेन, वाचायला किंवा हातातले काम करायला दहा ते तीस, जिना उतरायला आणि अंधाऱ्या वाटेने चालायला साठ ते दीडशे, आणि अनोळखी मोकळ्या जागेत चोहीकडे पाहायला तीनशे ते पाचशे. त्यावरचा उजेड क्वचित, आणि तोही काही सेकंदांपुरताच लागतो.

दुसरी पायरी : आकार आणि बाळगण्याची जागा

विजेरीचा आकार मुख्यतः तिच्या सेलवरून ठरतो. ट्रिपल-ए सेलची विजेरी जाड पेनाएवढी असते आणि किल्ल्यांच्या जुडग्यात किंवा शर्टाच्या खिशात जाणवतही नाही. डबल-ए सेलची विजेरी बोटाएवढ्या जाडीची असते आणि पँटच्या खिशात सुखाने राहते. १८६५० हा लिथियम-आयन सेल एकटाच पंचेचाळीस ते पन्नास ग्रॅम वजनाचा असतो. त्याभोवती धातूचे आवरण आले की वजन शंभर ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून पुढे जाते. २१७०० सेलची विजेरी त्याहूनही जाड असते, आणि माझ्या मते ती खिशापेक्षा पिशवीत किंवा गाडीत ठेवण्याजोगी आहे.

आकृती पाहून हा निर्णय घेऊ नये. वर्णनातली लांबी, जाडी आणि वजन पाहून घरातली तेवढीच एखादी वस्तू शोधावी. जाड मार्कर पेन, मलमाची ट्यूब किंवा त्याच मापाची नाणी भरलेली डबी चालेल. ती वस्तू चार दिवस नेहमीच्या खिशात ठेवून बसावे, वाकावे, जिने चढावेत. ती जर टोचली किंवा कंटाळून काढून ठेवावीशी वाटली, तर विजेरीचेही तेच होणार.

क्लिपकडे बारकाईने पाहावे. क्लिप जर विजेरीच्या अगदी टोकापासून निघत असेल तर विजेरी खिशात खोल बसते आणि वर डोकावत नाही. दोन्ही दिशांना तोंड असलेली क्लिप टोपीच्या कडेला अडकवता येते, त्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात. डोक्याला बांधण्याचा दिवा जवळ नसताना ही सोय मोलाची ठरते. मागचा भाग सपाट असेल तर विजेरी मेणबत्तीसारखी उभी राहते आणि छतावरून परतलेल्या मऊ उजेडात अख्खी खोली उजळते. मागे चुंबक असेल तर ती लोखंडी पृष्ठभागावर चिकटते, जे दुरुस्तीच्या कामात फार उपयोगी पडते. मात्र असा चुंबक चुंबकीय पट्टीच्या कार्डांपासून दूर ठेवावा, आणि हृदयासाठी पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीने अशी विजेरी छातीच्या खिशात कधीच ठेवू नये.

तिसरी पायरी : सेल

माझ्या दृष्टीने हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे, कारण विजेरी पुढची दहा वर्षे चालेल की दोन, हे बहुतांशी सेलवर अवलंबून असते.

पहिला प्रश्न असा की सेल बाहेर काढता येतो का. आत कायमचा बसवलेला सेल असेल तर विजेरी लहान आणि स्वस्त होते, पण लिथियम-आयन सेल काही वर्षांत क्षीण होतोच, आणि तो बदलता आला नाही तर चांगली विजेरी टाकून द्यावी लागते. जुडग्यातल्या अगदी छोट्या विजेरीत ही तडजोड मी मान्य करतो. मुख्य विजेरीत करत नाही.

दुसरा प्रश्न सेलच्या प्रकाराचा. डबल-ए आणि ट्रिपल-ए हे सेल जवळजवळ जगभर मिळतात, ही त्यांची मोठी बाजू. मात्र त्यांतला अल्कलाइन सेल विजेरीत महिनोनमहिने ठेवू नये. तो जुना झाला की गळतो, आतले पोटॅशियम हायड्रॉक्साइड धातू खाते आणि सेल नळीत घट्ट बसतो. माझी एक उत्तम विजेरी खणात पडून अशीच गेली. सेल ठोकून काढताना आतली नळीच खराब झाली. त्याऐवजी चार्ज धरून ठेवणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल वापरावेत, जे सहसा गळत नाहीत आणि शेकडो वेळा चार्ज होतात. जी विजेरी केवळ आणीबाणीसाठी ठेवायची आहे तिच्यात दीड व्होल्टचा, पुन्हा चार्ज न होणारा लिथियम सेल घालावा. तो दहा वर्षांहून अधिक काळ टिकतो आणि कडाक्याच्या थंडीतही काम करतो.

लिथियम-आयन सेलांची नावे म्हणजे त्यांची मापे असतात. १८६५० म्हणजे अठरा मिलिमीटर व्यास, पासष्ट मिलिमीटर लांबी, आणि शेवटचे शून्य तो गोल नळीच्या आकाराचा असल्याची खूण. याच न्यायाने १४५०० हा सेल चौदा मिलिमीटर जाड आणि पन्नास मिलिमीटर लांब, म्हणजे डबल-ए सेलच्या मापाचा असतो, आणि येथेच धोका आहे. डबल-ए सेल दीड व्होल्टचा किंवा त्याहून थोडा कमी असतो, तर १४५०० सेल पूर्ण चार्ज असताना ४.२ व्होल्ट देतो. फक्त डबल-ए साठी बनवलेल्या विजेरीत तो घातला तर सर्किट जळू शकते. दोन्ही सेल चालतील असे माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेले असेल तरच तो वापरावा. तसे असेल तर मात्र ही जोडी मला फार आवडते : रोज लिथियम-आयन वापरावा आणि तो संपला तर कुठेही मिळणारा डबल-ए सेल घालावा.

सेलची तुलना केवळ त्यावर छापलेल्या मिलिअँपिअर-तासांवरून करू नये, कारण व्होल्ट वेगवेगळे असतात. दोन्हींचा गुणाकार करून हजाराने भागले की वॅट-तास मिळतात आणि खरी साठवण कळते. दोन हजार मिलिअँपिअर-तासांचा १.२ व्होल्टचा डबल-ए सेल २.४ वॅट-तास देतो. तीन हजारांचा ३.६ व्होल्टचा १८६५० सेल १०.८ वॅट-तास देतो, म्हणजे साडेचार पट. नऊ हजार किंवा त्याहून जास्त मिलिअँपिअर-तास छापलेला १८६५० सेल दिसला तर तो बाजूला ठेवावा, कारण या मापाच्या चांगल्या सेलमध्ये साधारण साडेतीन हजारच मावतात. ज्याने एवढे खोटे छापले त्याच्या सुरक्षिततेवर विश्वास ठेवायचे कारण नाही.

लिथियम-आयन सेल शिस्तीने वापरावे लागतात. सुटा सेल किल्ल्या आणि नाण्यांबरोबर खिशात कधीही टाकू नये. त्याची दोन टोके धातूने जोडली गेली की तो पेट घेऊ शकतो. त्याच्यासाठी प्लास्टिकची डबी ठेवावी. वरचे प्लास्टिकचे आवरण फाटलेला किंवा पोचा आलेला सेल वापरू नये, शून्य अंशाखाली चार्ज करू नये, आणि बराच काळ ठेवायचा असेल तर निम्मा चार्ज करून ठेवावा. विमानप्रवासात सुटे लिथियम सेल नेहमी जवळच्या सामानात ठेवावे लागतात, सामानकक्षात जाणाऱ्या बॅगेत नाही.

चार्जिंगची सोय विजेरीतच असेल तर ती यूएसबी-सी असावी. खास चुंबकी केबल लागणाऱ्या विजेऱ्या सोयीच्या वाटतात, पण ती केबल हरवली की विजेरी निरुपयोगी होते. यूएसबी-सी असूनही काही विजेऱ्या दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलने चार्ज होत नाहीत आणि फक्त जुन्या रुंद टोकाच्या केबलनेच होतात. विजेरीच्या सर्किटमध्ये दोन छोटे रोधक न बसवल्यामुळे असे होते. क्षुल्लक वाटणारी ही उणीव प्रवासात फार जाचते, तेव्हा खरेदीपूर्वी चौकशी करावी.

चौथी पायरी : बटण आणि उजेडाच्या पातळ्या

अर्धवट झोपेत, एका हाताने, न पाहता विजेरी लावता आली पाहिजे, आणि पहिल्याच दाबाला येणारा उजेड अपेक्षित तोच असला पाहिजे. माझी कसोटी एवढीच आहे आणि तिच्यापुढे पुष्कळ महागड्या विजेऱ्या टिकत नाहीत.

बटणाचे तीन मुख्य प्रकार आहेत. डोके पिळून लावण्याची विजेरी सर्वांत साधी आणि टिकाऊ असते, पण तिला बहुधा दोन हात लागतात. मागच्या टोकाचे खटका-बटण प्रत्यक्ष वीजप्रवाह तोडते, त्यामुळे बंद असताना सेल वाया जात नाही, आणि अंधारात ते लगेच सापडते. बाजूचे इलेक्ट्रॉनिक बटण अंगठ्याखाली सहज येते आणि त्यावर बारीक कामे सोपी होतात, मात्र ते गोल नळीवर चाचपून शोधावे लागते आणि आतले सर्किट सतत किंचित वीज घेत राहते. चांगल्या रचनेत ही गळती इतकी कमी असते की सेल वर्षानुवर्षे टिकतो. वाईट रचनेत काही आठवड्यांत सेल रिकामा सापडतो.

इलेक्ट्रॉनिक बटणाच्या विजेरीला कुलूप, म्हणजे बटण चुकून दाबले तरी ती लागू नये अशी सोय, असणे मी अत्यावश्यक समजतो. खिशात दाबले जाऊन पूर्ण प्रखरतेने लागलेली विजेरी कापड भाजू शकते आणि त्वचेलाही चटका देते. साधा उपाय असा की मागचे झाकण पाव फेरा सैल करावे. आट्यांवर अ‍ॅनोडाइझिंगचा थर, म्हणजे धातूवर विद्युत-रासायनिक क्रियेने चढवलेला कठीण लेप, असेल तर तो वीज वाहू देत नाही आणि संपर्क तुटतो. झाकण पुन्हा घट्ट केले की विजेरी तयार. काही विजेऱ्यांचे आटे उघड्या धातूचे असतात आणि त्यांत ही युक्ती चालत नाही, म्हणून घेतल्यावर लगेच करून पाहावी.

पातळ्या किती आहेत यापेक्षा त्या कुठे आहेत हे महत्त्वाचे. अर्धा किंवा एक लुमेन, मग दहा-वीस, मग शंभरच्या आसपास आणि मग कमाल, अशा चार पातळ्यांत रोजचे सगळे भागते. पुष्कळ विजेऱ्यांची मंद पातळी चाळीस-पन्नास लुमेन असते, आणि अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना ती मंद नसते. लुकलुकणाऱ्या आणि संकटसंदेशाच्या पातळ्या असल्यास हरकत नाही, पण नेहमीच्या फेऱ्यात त्या मध्येच येऊ नयेत. काहीतरी निकडीने शोधताना उजेड लुकलुकू लागला तर माणूस गोंधळतो. त्या सलग दोन-तीन दाबांमागे असाव्यात.

विजेरीला शेवटची पातळी लक्षात राहते की ती दर वेळी एका ठरावीक पातळीवरच सुरू होते, हेही विचारावे. एकट्याने वापरणाऱ्याला स्मरण असलेली विजेरी सोयीची वाटेल. घरातले अनेकजण वापरणार असतील तर नेहमी मंद पातळीवर सुरू होणारी विजेरी बरी, कारण अंधारात लावल्यावर ती कोणाचेच डोळे दिपवत नाही.

पाचवी पायरी : खोक्यावरचे आकडे वाचणे

येथे थोडे गणित करावे लागते, पण ते एकदा हाती आले की जाहिरातीची भुरळ पडत नाही.

लुमेन म्हणजे विजेरीतून बाहेर पडणारा एकूण उजेड. तो एकवटलेला आहे की पसरलेला, हे लुमेन सांगत नाही; ते कॅन्डेला सांगते. विजेऱ्यांच्या मोजणीसाठी २००९ पासून अमेरिकेचे एफएल-१ हे मानक प्रचलित आहे. त्यात झोताचे अंतर म्हणजे ज्या ठिकाणी उजेड पाव लक्सपर्यंत (लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे माप) उतरतो ते अंतर धरतात, आणि पाव लक्स म्हणजे निरभ्र रात्रीच्या पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड. कॅन्डेलाच्या आकड्याचे वर्गमूळ काढून दोनाने गुणले की हे अंतर मीटरमध्ये मिळते : अडीच हजार कॅन्डेलाला शंभर मीटर, दहा हजारांना दोनशे. कॅन्डेला चौपट तेव्हा अंतर दुप्पट. चांदण्याएवढ्या उजेडात काहीतरी आहे एवढेच कळते, काय आहे ते ओळखू येत नाही. म्हणून छापील अंतराच्या निम्म्यापर्यंतच नीट दिसेल असे मी धरून चालतो.

टिकण्याच्या वेळेचा आकडा याहून फसवा आहे, तोही कोणी खोटे न बोलता. त्याच मानकानुसार विजेरी लावल्यानंतर तीस सेकंदांनी मोजणी सुरू होते आणि उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर उतरेपर्यंतचा वेळ टिकण्याचा वेळ म्हणून छापता येतो. समजा एक विजेरी हजार लुमेनने सुरू झाली, दोन मिनिटांत तापून तीनशेवर आली आणि पुढे हळूहळू उतरत गेली. तिच्या खोक्यावर हजार लुमेन आणि तीन तास हे दोन्ही आकडे मानकाला धरून शेजारीशेजारी येऊ शकतात, पण हजार लुमेन तीन तास मिळाले असा त्यांचा अर्थ नव्हे.

खरे काय मिळू शकते याचा अंदाज सेलवरून बांधता येतो. चांगल्या छोट्या विजेरीत एका वॅटमागे ढोबळमानाने शंभर लुमेन मिळतात असे धरावे. १०.८ वॅट-तासांच्या १८६५० सेलमध्ये म्हणजे साधारण एक हजार लुमेन-तास उजेड साठवलेला असतो : हजार लुमेन एक तास, दोनशे लुमेन पाच तास किंवा शंभर लुमेन दहा तास. डबल-ए सेलमध्ये असे सुमारे दोनशे लुमेन-तास निघतात आणि ट्रिपल-ए मध्ये ऐंशीच्या आसपास. मंद पातळीवर एलईडी अधिक काटकसरीने चालतो, त्यामुळे तेथे प्रत्यक्ष वेळ काहीसा जास्त मिळू शकतो. परंतु एका १८६५० सेलवर दोन हजार लुमेन सलग चार तास असा दावा दिसला, तर भागाकार केल्याबरोबर तो अशक्य असल्याचे कळते.

प्रखर पातळी लवकर का उतरते, तर उष्णतेमुळे. वापरलेल्या विजेचा मोठा भाग उष्णता होतो आणि मुठीएवढ्या नळीला ती बाहेर टाकायला जागा नसते, म्हणून सर्किट स्वतःहून उजेड कमी करते. हा दोष मानू नये. अशी सोय नसलेली प्रखर विजेरी मी घेणारच नाही. म्हणून शक्य असेल तेथे काळ आणि उजेड यांचा आलेख पाहावा. चांगल्या नियंत्रक सर्किटच्या विजेरीचा मधल्या पातळीचा आलेख बराच वेळ सपाट राहतो आणि शेवटी उतरतो. साध्या सर्किटचा पहिल्या मिनिटापासून घसरत जातो.

सहावी पायरी : झोत आणि उजेडाचा रंग

गुळगुळीत आणि खोल परावर्तक उजेड लांब फेकतो, मध्ये प्रखर ठिपका आणि भोवती फिका उजेड देतो. संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत परावर्तक ठिपक्याच्या कडा मऊ करतो. परावर्तकाऐवजी भरीव भिंग असेल तर विजेरी आखूड होते आणि झोत अधिक सलग मिळतो. रोजच्या जवळच्या कामात मध्यभागाची प्रखरता कमी आणि पसरलेला भाग भरपूर असावा, नाहीतर हातातल्या कागदावर एक डोळे दिपवणारा ठिपका पडतो आणि बाकीचा कागद काळाच राहतो. पुढे-मागे सरकणारे भिंग असलेल्या विजेऱ्या आकर्षक दिसतात, पण झोत एकवटताना बराच उजेड आतच अडतो आणि सरकत्या फटीतून पाणी शिरते. लहान विजेरीत मी ती रचना टाळतो.

रंगाकडे फार कमी खरेदीदार लक्ष देतात. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्यावरचा पिवळसर फॉस्फरचा थर काही निळा उजेड बदलतो आणि मिश्रण पांढरे दिसते. उजळ आणि काटकसरी निळा एलईडी घडवल्याबद्दल इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. खिशातली प्रत्येक पांढरी विजेरी त्या कामाचे फळ आहे. पण या रचनेमुळेच स्वस्त एलईडीच्या उजेडात लाल रंग अपुरा असतो. रंग किती खरे दिसतात याचा निर्देशांक सीआरआय म्हणून देतात. सामान्य एलईडीचा सत्तरच्या आसपास आणि चांगल्याचा नव्वदहून अधिक असतो. नव्वदवाल्या विजेरीत तेवढ्याच विजेत थोडे कमी लुमेन मिळतात, आणि ही किंमत मी आनंदाने मोजतो. लाल आणि तपकिरी वायर वेगळ्या ओळखणे, त्वचेवरचा लालसरपणा पाहणे, जखम स्वच्छ झाली का ते तपासणे, या कामांत हा फरक प्रत्यक्ष जाणवतो.

उजेडाची छटा केल्विनमध्ये सांगतात. साडेसहा हजारांचा उजेड निळसर आणि धुक्यात डोळ्यांना त्रासदायक, तीन हजारांचा पिवळसर आणि झोपेच्या वेळी सुखद, तर चार ते पाच हजारांचा दोन्हींच्या मधला असतो. एकच विजेरी घ्यायची असेल तर हा मधला पट्टा निवडावा.

सातवी पायरी : बांधणी

अ‍ॅल्युमिनियमवर कठीण अ‍ॅनोडाइझिंग असलेली विजेरी पुरेशी मजबूत आणि हलकी असते. टायटॅनियम सुंदर आणि चिवट आहे, पण त्याचा नेहमीचा मिश्रधातू अ‍ॅल्युमिनियमच्या तुलनेत विसाव्या हिश्शापेक्षाही कमी उष्णता वाहून नेतो, त्यामुळे प्रखर पातळी आणखी लवकर उतरते. तांबे उष्णता उत्तम वाहते आणि खिशाला जड होते. पाण्यापासूनच्या संरक्षणाच्या श्रेणींत आयपीएक्स-४ म्हणजे शिंतोडे सोसणे, आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, आणि आयपीएक्स-८ म्हणजे निर्मात्याने सांगितलेल्या, त्याहून कठीण अटींपर्यंत. यांतला एक्स म्हणजे धुळीची चाचणी नोंदलेली नाही. रोजच्या वापरासाठी आयपीएक्स-७ पुरे. नळीला खाच, चपटी बाजू किंवा क्लिप असावी, म्हणजे ती मेजावरून गडगडत नाही.

आठवी पायरी : घरी आणल्यावरची तपासणी

परत करण्याची मुदत संपण्याआधी पुढील गोष्टी उरकाव्यात. पांढऱ्या भिंतीवर हातभर अंतरावरून झोत पाडून हिरवट झाक किंवा काळी कडी दिसते का ते पाहावे. प्रत्येक पातळीवर फोनचा कॅमेरा विजेरीसमोर धरावा; पडद्यावर जाड पट्टे सरकताना दिसले तर उजेड वेगाने चालू-बंद करून मंद केला आहे, आणि संवेदनशील डोळ्यांना दीर्घ वाचनात त्याचा त्रास होऊ शकतो. नंतर सेल पूर्ण भरून, नेहमी वापरायच्या मधल्या पातळीवर विजेरी उभी ठेवावी आणि घड्याळ लावून ती किती वेळ एकसारखी चालते ते मोजावे. मिळालेला वेळ आणि आपण काढलेले लुमेन-तास यांत फार मोठी तफावत असेल तर विजेरी किंवा सेल परत करावा.

बाजूचे इलेक्ट्रॉनिक बटण असेल आणि सेल बाहेर निघत असेल, तर मल्टिमीटरने सेलचे व्होल्ट मोजून लिहून ठेवावेत, विजेरी बंद करून आठवडाभर तशीच ठेवावी आणि पुन्हा मोजावेत. लिथियम-आयन सेल पूर्ण भरल्यावर पहिल्या दिवशी स्वतःहून किंचित उतरतो, म्हणून पहिली मोजणी चार्जिंगनंतर एका दिवसाने घ्यावी. आठवड्यात पाच शतांश व्होल्टहून अधिक घट आली तर आतली गळती जास्त आहे. अशी विजेरी ठेवायचीच झाली तर न वापरताना झाकण नेहमी पाव फेरा सैल असू द्यावे. दर दोन-तीन महिन्यांनी आट्यांवरची काळी घाण कोरड्या कापडाने पुसून रबरी कडीला सिलिकोन ग्रीसचे अगदी पातळ बोट लावावे, भिंगावरचा खिशातला कापूस काढावा, आणि त्याच वेळी सेल किती उतरला आहे हेही पाहून घ्यावे.